ठराव मोडतो, त्याआधी काय मोडलेलं असतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. मराठवाड्यातल्या एका गावाने ग्रामसभेत ठराव केला, की शेतीसाठी २०० फुटांपेक्षा खोल बोअर कुणी घ्यायचं नाही आणि उन्हाळी पिकाला उपसा करायचा नाही. दोन वर्षं सगळ्यांनी पाळला. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका रात्री बोअरची गाडी आली आणि ४५० फूट खाली गेली. पुढच्या चार महिन्यांत आणखी सहा बोअर झाले. गावात स्वतःची विहीर असलेले शेतकरी १६४ आहेत. पहिलं बोअर ज्याने घेतलं, त्याची विहीर त्या वर्षी जानेवारीतच आटली होती. प्रश्न विचारणारे तिथले तरुण ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांचं म्हणणं, "आता जबर दंड लावावा, की मोडणाऱ्यांशी गावाने व्यवहारच बंद करावा? का कायद्याच्या धाकाशिवाय माणूस कशालाच बधत नाही?"

गावांच्या भूजलावर लोकांबरोबर काम करण्यात माझी २४ वर्षं गेली. असे ठराव होताना पाहिले, काही टिकताना पाहिले, त्याहून जास्त मोडताना पाहिले. म्हणून उत्तर जरा लांबेल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात लवकर निकालात निघतो. कायदा आहे. महाराष्ट्राचा भूजलाचा अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी खणण्यावर त्यात निर्बंध आहेत, बोअरच्या गाड्यांची नोंदणीही सांगितली आहे. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. तुमच्या ठरावातला २०० चा आकडा बहुधा तिथूनच आला असेल. त्याच्याही आधी, १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला आडकाठी केली होती. १९९३ च्या कायद्याची जागा पुढे २००९ च्या अधिनियमाने घेतली. कायदा पुस्तकात आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये राज्यातल्या कुठल्याही रस्त्यावर बोअरच्या गाड्या रांगेने दिसतात. रात्री दोन वाजता शिवारात तलाठी नसतो. शेजारचा शेतकरी मात्र असतो, त्याला गाडीची घरघर ऐकू येते. तो कूस बदलून झोपतो, की बॅटरी घेऊन बांधावर येतो, यावर सगळं ठरतं. तो उठून का येईल, एवढाच खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे म्हणतात, जनाची नाही तर मनाची तरी बाळग. या म्हणीत दोन वेगळे धाक आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. एक प्रसंग सांगतो.

२०१३ चा उन्हाळा. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. एका शेतकऱ्याच्या विहिरीला दिवसाकाठी तासभर मोटर चालेल एवढंच पाणी उरलं होतं. पलीकडच्या वस्तीतल्या बाया सकाळी घागरी घेऊन यायच्या, तो आधी त्यांना भरू द्यायचा, मग उरलं तर झाडांना. त्याची दोन एकर बाग डोळ्यांदेखत गेली. मी विचारलं, कुणी सांगितलं होतं का? त्याला प्रश्नच कळला नाही. "पिण्याच्या पाण्याला नाही म्हणायचं असतं का?" एवढंच म्हणाला. बाकीचे विहीरवाले पाणी देताहेत की नाही, याची त्याने चौकशीसुद्धा केली नव्हती. ही मनाची लाज. दुसरे काय करतात यावर ती अवलंबून नसते.

त्याच माणसाने पुढच्या वर्षी ५०० फुटी बोअर घेतलं. त्याच्या गावातही तुमच्यासारखाच ठराव होता, आणि तो मोडल्याची त्याला बोचणी नव्हती. म्हणाला, "मी थांबलो असतो तर पाणी वाचलं असतं का? बांधाच्या पलीकडच्यांनी दोघांनी घेतलंच होतं. माझं पाणी त्यांनी ओढलं असतं."

या दोन उत्तरांमधला फरक मला समजायला बरीच वर्षं लागली. माणूस तोच, पाणी तेच. तहानलेल्याला पाणी देणं त्याच्या लेखी धर्माचं काम होतं. बोअर न घेणं हा चारचौघांशी केलेला करार होता, आणि करार समोरचा पाळतोय तोवरच पाळायचा असतो. त्यात त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आपला दगड बेसॉल्ट. काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी असतं ते मुरमात, फटींत आणि मधल्या मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या थरात. त्या थराला बांध माहीत नसतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं ठरवून टाकलं, पण खाली सगळ्यांचा रांजण एकच आहे. अशा ठिकाणी एकट्याने थांबणं म्हणजे आपला वाटा शेजाऱ्याला देऊन टाकणं.

म्हणून असा ठराव उभा राहतो तो भरवशावर: मी थांबलोय तसे बाकीचेही थांबलेत, आणि नाही थांबले तर मला ते कळेल. हा भरवसा आधी जातो, बोअर त्यानंतर पडतं. तुमच्या गावात मार्चमध्ये गाडी आली. भरवसा त्याआधी कधीतरी, चहाच्या टपरीवर, हळूहळू गेला असणार.

आता तुम्ही लिहिलेलं एक वाक्य तुम्हालाच परत वाचून दाखवतो. "गेल्या ग्रामसभेत आम्ही सगळ्यांना खडसावलं, की अख्खं गाव बोअर घ्यायला निघालंय, कुणाला लाज उरली नाही." हे थांबवा. आजच थांबवा. अमेरिकेत ॲरिझोनात दगड झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. येणारे-जाणारे त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. "कृपया लाकूड नेऊ नका" अशा साध्या पाटीच्या वाटेवर खूण करून ठेवलेल्या शंभर तुकड्यांमागे दोनसुद्धा गेले नाहीत. "आजवर अनेकांनी लाकूड नेलं आणि उद्यानाचं रूप बदललं" अशी पाटी होती तिथून जवळपास आठ गेले. पाटी लिहिणाऱ्याला वाटलं आपण हळहळ व्यक्त करतोय. वाचणाऱ्याने त्यातून एवढंच घेतलं, की सगळेच नेतात.

तुमच्या ग्रामसभेत तेच झालं. १६४ पैकी ७ जणांनी ठराव मोडला. म्हणजे १५७ जणांनी पाळला, तेही पाण्यासाठी जीव टांगणीला लागलेल्या वर्षी. त्यातल्या काहींकडे बोअरला पैसे नव्हते, हे मलाही कळतं. तरी १५७ हा आकडा गावात कुणीही मोठ्याने उच्चारलेला नाही. माईकवरून सात जणांचीच नावं गेली. जे थांबले होते, ते घरी जाताना स्वतःला मूर्ख समजत गेले असतील.

दंडाबद्दल. तुम्ही ५० हजारांचा दंड म्हणताय. माझ्या कामातल्या एका गावाने ५ हजारांचा ठेवला होता. पहिल्या वर्षी एकानेही बोअर घेतलं नाही आणि आम्ही सगळे खूश. दुसऱ्या वर्षी एक जण ग्रामपंचायतीत आला, टेबलावर पाच हजार ठेवले, पावती मागितली आणि म्हणाला, गाडी उद्या येतेय. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याच्या हिशेबात ती फी होती: केसिंगचे इतके, मोटरचे इतके, गावाचे पाच हजार. दंडाची किंमत झाली की लाज संपते, कारण किंमत मोजणाऱ्याने कुणाचं काही लुबाडलेलं नसतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास याच गोष्टीचा आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी १० शेकेल दंड लावला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी ते पूर्वीच्या आकड्यावर आले नाहीत. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० साली हे मांडलं. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती; ती एकदा विकत घेतली गेली आणि परत आली नाही.

५० हजारांनी काय होईल, तेही पाहिलंय. ज्याच्याकडे ऊस आहे तो भरेल. ज्याच्याकडे नाही तो भरणार नाही, आणि वसूल करायला कुणी जाणार नाही, कारण तो कुणाचा तरी साडू असेल. वसूल न झालेला मोठा दंड नसलेल्या दंडापेक्षा वाईट. गाव बोलतं पण करत नाही, हे त्याने सगळ्यांना कळतं.

आता व्यवहार बंद करण्याबद्दल. हे मी स्पष्ट शब्दांत सांगतो: नाही. त्यांच्या दुकानात जायचं नाही, त्यांच्या कार्याला जायचं नाही, त्यांची पिठाची गिरणी बंद, यालाच वाळीत टाकणं म्हणतात. महाराष्ट्राने २०१६ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावावर सही करणारे तुम्ही सगळे त्यात याल. पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. गावकीचं हे हत्यार आजवर कुणावर चाललं ते आठवा. आंतरजातीय लग्न करणाऱ्यावर, पंचांना जाब विचारणाऱ्यावर. आणि पाण्यावरून तर सगळ्यात आधी.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद दोन्हीकडून तयार होता. तरी तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर जाऊ शकला नाही, कारण गावाचा न लिहिलेला नियम कागदापेक्षा जड होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर ओंजळीने ते पाणी प्यायले, तेव्हा लोकांना मारहाण झाली आणि नंतर तळं शेण-गोमूत्राने "शुद्ध" केलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तळ्याभोवतीचा तो नियम अतिशय मजबूत होता. सगळे पाळत होते, सगळ्यांची नजर होती, मोडणाऱ्याला शिक्षा होती. भरवसा, नजर, शिक्षा, मी तुम्हाला जे सांगतोय ते सगळं त्यात होतं, आणि तो नियम अन्यायाचा होता. म्हणून नियम टिकतो कसा, हे विचारण्याआधी तो कुणी केला आणि कुणाच्या जिवावर टिकतोय, हे विचारावं लागतं.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. पहिल्याने बोअर घेतलं त्याची विहीर जानेवारीतच आटली. का आटली? त्याच्या वरच्या अंगाला कुणाचं शेत आहे? मी पैज लावून सांगत नाही, पण अशा दहा गावांपैकी आठांत मला एकच गोष्ट सापडली आहे. ठराव होण्याआधी ज्यांची ४००-५०० फुटी बोअर झालेली होती, ती तशीच चालू राहिली. ठरावाने फक्त नव्यांना अडवलं. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. प्रत्यक्षात ज्यांनी आधी ओढायला सुरुवात केली, त्यांच्या पाण्याला गावाने राखण बसवून दिली. तुमच्याकडे असं असेल तर त्या पहिल्या माणसाने भरवसा मोडला नाही, त्याच्याशी केलेला करारच आधी मोडला होता.

हे तपासा, शिवारफेरी करून, नकाशावर जुनी बोअर मांडून. जुनी बोअर असतील तर त्यांनाही बंधन हवं: रब्बीत अमुक तास, उन्हाळ्यात शून्य, किंवा शेजारच्या दोन विहिरींना त्यातलं पाणी. हे करायला गावातल्या वजनदार घरांशी बोलावं लागेल आणि ते अवघड आहे. पण ते टाळून सात जणांना धरणं मला न्यायाचं वाटत नाही, आणि टिकणारही नाही.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती म्हणून मला मोलाची वाटते. त्यांनी पाणी जमिनीवर वाटलं नाही, माणशी वाटलं. घरात जितकी तोंडं, त्या प्रत्येकी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. त्यातला ऊसबंदीचा नियम सगळे उचलतात, माणशी वाट्याचा कुणी उचलत नाही. खरं तर दुसरा होता म्हणून पहिला पटला. तुमच्या ग्रामसभेला किती भूमिहीन होते, किती बाया होत्या, हे मला कळवा. पाणी आटलं की तीन किलोमीटर कोण चालतं, ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठरावाच्या वेळी त्या बहुतेक मागे उभ्या असतात.

मग मोडणाऱ्याला काहीच करायचं नाही का? करायचं, पण लहान, लगेच आणि जवळच्याने. हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका पाटकऱ्याकडून शिकलो. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर वर्षी पिकं फिरवायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही वाटून. पाणी द्यायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या, त्यांचा मेहनताना धान्यात.

साक्री तालुक्यात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याबरोबर मी रात्रभर पाटाने चाललो होतो. एका ठिकाणी पाटाच्या चारीचं तोंड पाळी नसताना फोडलेलं होतं. त्याने कंदील खाली ठेवला, फावड्याने चार ढेकळं ओढली, वर हिरव्या गवताचा एक जुडगा चेपला आणि पुढे निघाला. फोडणारा कोण, ते त्याला गवताच्या वाटेवरूनच कळलं होतं. सकाळी तो त्या घरी गेला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि उठताना म्हणाला, "या पाळीला तुझं शेवटी." बस्स. त्या माणसाला पाणी मिळालं, पण सगळ्यांच्या मागून. दिवसभर त्याचं शेत कोरडं आणि आजूबाजूची ओली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिलं. संध्याकाळपर्यंत विषय संपला. पुन्हा केलं असतं तर? म्हातारा म्हणाला, मग दोन पाळ्या. तिसऱ्यांदा केलं तर पंचांसमोर. "तिसऱ्यापर्यंत कोण जात नाही."

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभरातल्या गावांनी पाणी, जंगलं, कुरणं कशी सांभाळली, यावर त्यांचं काम आहे. टिकलेल्या व्यवस्थांच्या ज्या खुणा त्यांनी नोंदवल्या, त्यात हीच एक आहे: शिक्षा पायरीपायरीने वाढणारी, पहिली अगदी हलकी. पहिल्या शिक्षेचं काम मोडणाऱ्याला दुखवणं नसतं. बाकीच्यांना कळावं, की दिसलं आणि कुणीतरी उठून आलं, यासाठी ती असते. आणि चुकलेल्याला परत यायला दार उघडं राहतं. वाळीत टाकलेल्याला परत येऊन मिळवण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो आणखी खोल जातो.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारबद्दल तुम्ही विचारलंय, की तिथे टिकलं ते पोपटराव पवारांमुळेच ना? नेतृत्वाचं मोल मी कमी करत नाही. पण क्रम बघा. १९८९ ला ते सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे नियम गावाने अंगवळणी पाडले. कुऱ्हाडबंदी पाळली गेली की नाही हे डोंगराकडे पाहून सगळ्यांना दिसतं. अशा उघड दिसणाऱ्या नियमांवर भरवसा कमावला, म्हणून सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही हे जमिनीखालच्या, न दिसणाऱ्या पाण्याचे नियम पेलले. आणि पुढे पाण्याचा ताळेबंद सुरू करून तेही दिसतं केलं. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, मग ग्रामसभेत रब्बीत काय घ्यायचं ते ठरवायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड नियम घेतला आणि तो अंधारात ठेवला.

तेव्हा दसऱ्यानंतर काम सुरू करताना माझ्या मते ठरावाला हातच लावू नका. नवा दंड नको, नवी शपथ नको. बेल-भंडारा उचलायला सांगणारेही गावात असतील. त्याने रात्र गाजते, पण जूनमध्ये विहिरीत किती पाणी आहे ते कळत नाही. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून पंधरा-वीस विहिरी निवडा, त्यात त्या सात जणांपैकी दोघांच्या हमखास घ्या, आणि मोजायला त्यांनाच बोलवा. दर पंधरा दिवसांनी पातळी मोजायची आणि पारावरच्या फळ्यावर लिहायची, तारखेसकट. शाळेत पर्जन्यमापक बसवा; १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, हा गुणाकार पाचवीची मुलं करतात आणि घरी जाऊन सांगतात. फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहा, "ठराव पाळणारे १५७". पुढच्या महिन्यात आकडा वाढला तर तो बदला. नावं नकोत.

दोन-तीन महिने लोक फळ्यासमोर नुसते उभे राहतील. मग कुणीतरी विचारेल, की खालच्या अंगाच्या विहिरी जानेवारीतच का बसल्या. तो प्रश्न तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. तो तिथून आला, की जुन्या बोअरांच्या तासांबद्दल बोलण्याची वेळ झाली असं समजा.

मोजायला १०० फुटी टेप घ्या. टोकाला बांधलेलं वजन हलकं असेल तर पाण्याला टेकल्याचं हाताला कळत नाही; पावशेराचा लोखंडी तुकडा बांधा, टेपचे खालचे दोन फूट खडूने पांढरे करा आणि भिजलेली रेघ बघून आकडा घ्या. सकाळी मोटर सुरू होण्याआधी मोजा. आणि मोजायची जागा विहिरीच्या काठावर रंगाने कायमची आखून ठेवा, म्हणजे दर वेळी तिथूनच मोजलं जाईल आणि आकड्यावरून भांडण होणार नाही.